पट्टीखालची बोटं

माझा दादा सिनेमात होता. हे ऐकलं की लोक लगेच विचारायचे, "कुठल्या?" मी म्हणायचे, "पुष्कळ." तरी तुम्ही त्याला कधी पाहिलेलं नाही. तो प्रत्येक शॉटच्या अगदी सुरुवातीला यायचा, आणि तेवढाच भाग कापून बाजूला काढायचं काम माझ्याकडे होतं.

दादा क्लॅप द्यायचा. म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या सख्ख्या मावशीला शेवटपर्यंत वाटत होतं की तो नटांसाठी टाळ्या वाजवतो. शूटिंगला चित्र कॅमेऱ्यात जातं आणि आवाज जातो दुसऱ्याच यंत्रात, वेगळ्या फितीवर. दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते. ती ओळख करून द्यायला कॅमेऱ्यासमोर एक काळी पाटी धरतात. पाटीवर खडूने शॉटचा नंबर, टेकचा नंबर. पाटीच्या डोक्यावर बिजागरीने बसवलेली लाकडी पट्टी. नंबर मोठ्याने म्हणायचा, पट्टी खाडकन मिटायची आणि चौकटीतून पसार व्हायचं. पुढे एडिटिंगच्या खोलीत कोणीतरी पट्टी मिटल्याची नेमकी फ्रेम शोधतं, फितीवरचा 'खट्' शोधतं आणि दोन्ही समोरासमोर आणून ठेवतं. तेवढं जमलं की पुढचं सगळं बोलणं आपोआप ओठांवर बसतं. नाही जमलं तर नायक आधी तोंड मिटतो आणि मग म्हणतो, "मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही." प्रेक्षक खो खो हसतात.

ते कोणीतरी म्हणजे मी.

ही नोकरी मला दादानेच लावून दिली. एडिटर बाईंना त्याने सांगितलं होतं की माझ्या बहिणीकडे फार चिकाटी आहे. माझ्याकडे चिकाटी नव्हती, दुसरी नोकरी नव्हती. पण बसले एकदाची त्या एडिटिंगच्या टेबलाशी, जिथे मूठ फिरवली की चित्र आणि फीत बरोबरीने सरकतात, आणि बसूनच राहिले. खोलीला एकच खिडकी, तीही काळ्या कागदाने बंद केलेली. डोक्यावर पंखा, तो लावला की फिल्मचे तुकडे उडायचे, म्हणून तोही बंद. लोकांचे भाऊ त्यांना संध्याकाळी घरी भेटतात, माझा दिवसभर वीतभर पडद्यात माझ्यासमोर उभा असायचा. बहुतेक वेळा नुसते हात. अंगठ्याच्या नखात अडकलेला खडू, कोपरापर्यंत दुमडलेली बाही. त्याला सर्दी झाली की आधी मला फितीवर ऐकू यायची, वहिनीला घरी गेल्यावर कळायचं.

सिनेमात येण्याआधी दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं की सेटवर त्याला सगळे पाटीमास्तर म्हणत. आकडा चुकला तर हाताने कधी पुसायचा नाही, खिशात त्यासाठी वेगळं फडकं असायचं. आणि एक त्याची खास गोष्ट होती. पट्टी किती जोरात वाजवायची हे तो शॉट बघून ठरवायचा. मारामारी असेल तर असा दणका द्यायचा की मी कानावरचे हेडफोन काढून त्याला दोन शिव्या हासडायचे. पण एखादी नटी रडायच्या तयारीत बसली असेल, कॅमेरा तिच्या तोंडाशी असेल, तर पट्टी इतकी हलकेच मिटायचा की तिची पापणी हलू नये. मी एकदा त्याच्याशी भांडले, की अरे, मला तो आवाज शोधावा लागतो. तर म्हणाला, "तिने एवढ्या मुश्किलीने डोळ्यांत पाणी आणलंय. ते मी कशाला सांडू?"

काही शॉट मुके असतात. लांबून जाणारी मोटार, नुसतं आभाळ, झाडावरचा कावळा. त्यांचा आवाज घेतच नाहीत. अशा वेळी पट्टी वाजवायची नसते. ती उघडी ठेवायची आणि मधल्या फटीत बोटं घालून कॅमेऱ्याला दाखवायची. ही आम्हा टेबलावरच्यांसाठी खूण: इथे आवाज नाही, शोधत बसू नका. अशी बोटं दिसली की मला बरं वाटायचं. पुढचं न बघताच मी तो शॉट मुक्यांच्या डब्यात टाकून मोकळी व्हायचे.

घरात आम्ही चौघं. दादा, वहिनी, मी आणि त्यांची मुलगी. वहिनी बुटांच्या दुकानात होती, लहान मुलांच्या बाजूला. मुलीला आम्ही खडू म्हणायचो, कारण दादा घरी आला की तिचा हात आधी त्याच्या खिशात जायचा. जिन्याच्या पायऱ्या, न्हाणीघराचं दार, माझ्या ट्रंकेचं झाकण, खडूने गिरगटायचं काही सोडलं नव्हतं तिने. बिजागरी सैल झालेली एक जुनी पाटी दादाने तिला दिली होती. मग काय विचारता! वहिनीने माझ्यावर आवाज चढवला रे चढवला की ही कार्टी पाटी घेऊन आम्हा दोघींच्या मध्ये हजर. "आईचं रागावणं, टेक चार!" खट्. आता त्यावर कोण रागावणार? वहिनीला हसू फुटायचं आणि खडू म्हणायची, "कट, पुन्हा करा, आई हसली."

आठव्या वर्षी ती गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि तो डोक्यात गेला. मी याबद्दल जास्त लिहिणार नाही. लिहून काही होत नाही.

पुढच्याच आठवड्यात दादा कामावर हजर झाला. जो तो मला म्हणे, पाटीमास्तर खंबीर आहे हो. मला त्या शब्दाचा राग येतो. खंबीर काय, खांबही असतो. दादा वेळेवर उठायचा, दाढी करायचा, ताटात वाढलेलं संपवायचा. भाजी आणायचा, विचारलं त्याचं उत्तर द्यायचा. फक्त तिचं नाव काढायचा नाही. तिची पाटी त्याने कपाटावर ठेवली, भिंतीच्या बाजूला तोंड करून. टेबलावर मी रोज त्याचे हात बघत होते, आकडे तसेच रेखीव होते. फरक एवढाच की पट्टी आता सगळ्या शॉटना सारखीच वाजायची. मारामारीला तेवढीच, रडण्याला तेवढीच.

वहिनी मात्र मोकळेपणाने रडायची. भांडी घासताना, केस विंचरताना, एकदा तर बसमध्ये उभी असताना. दुकानात मालकाला सांगून तिने लहान मुलांची बाजू सोडली आणि पुरुषांचे बूट विकायला लागली. म्हणाली, "मोठ्या पायांकडे बघून काही होत नाही." आणि मी? पाय अवघडून बसल्यावर तो आपलाच पाय दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो ना, तसं माझं आतून झालं होतं. पण अधूनमधून निदान मुंग्या यायच्या. दादाला त्याही येत नसाव्यात.

तशात एके दिवशी तो डाव्या हाताला रुमाल गुंडाळून घरी आला.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"दारात सापडली बोटं."

"दाखवा बघू."

"काही नाही गं," असं म्हणून त्याने हात खिशात घातला आणि उजव्या हाताने जेवला.

वहिनी माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. तिच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणीसुद्धा नव्हतं. "बघितलंस? बोटं चेंगरली, काही नाही. पोटची पोर गेली, काही नाही. मी मेले तरी हे म्हणतील काही नाही आणि दाढी करून कामावर जातील. या घरात मी एकटीच रडते. भिंतीपुढे बसून किती दिवस रडू?" आणि मग तिने सांगून टाकलं. तिच्या बहिणीच्या गावी एका दुकानात जागा होती. महिना भरला की ती जाणार होती, आणि परत यायचं तिच्या मनात नव्हतं. "त्यांनी एकदा, एकदाच माझ्यापुढे डोळे पुसले असते, तर मी कुठे जात नव्हते. तू सांगू नकोस त्यांना. सांगून रडवलेलं मला नको."

भांडण करायची माझी सवय, पण तिच्याशी भांडायला माझ्याकडे मुद्दा नव्हता. मी दादाला समोरून, बाजूने, एकेक फ्रेम करून रोज बघत होते, आणि मलाही तिथे कोणी दिसत नव्हतं.

बोटांचं सगळे विसरले. नखं काळी पडली, मधलं बोट किंचित वाकडंच राहिलं. मग, वहिनीचा महिना भरत आला असताना, एका दुपारी दिग्दर्शक एडिटिंगच्या खोलीत आले आणि त्यांनी शाळा सुटल्याचा शॉट मागितला. शॉट असा: घंटा होते, फाटकातून पोरांचा लोंढा बाहेर पडतो, आणि त्यातली एक चिमुरडी रस्त्याने पुढे निघालेल्या बापामागे धावते. मी तो मुक्यांच्या डब्यातून काढून लावला.

"आवाज?" दिग्दर्शक म्हणाले.

"मुका आहे साहेब हा."

"मुका कसा असेल? ती पोरगी हाक मारते यात! आधी मुकाच घेणार होतो. पण तालमीत तिने अशी हाक मारली, अशी मारली, की मी ऐन वेळी साउंड चालू करायला सांगितला."

साउंडवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, यंत्र मी नक्की फिरवलं होतं, पण नंबर कोणी पुकारल्याचं आठवत नाही. पडद्यावर पाटी बघितली तर पट्टीच्या फटीत दादाची बोटं. म्हणजे मुका. दिग्दर्शकांचा पारा चढला. पुन्हा शूट करावं तर शाळेची इमारत आता मिळत नव्हती, आणि मधल्या काळात त्या चिमुरडीचे पुढचे दोन्ही दात पडले होते. तिला बोलावून हाक पुन्हा रेकॉर्ड करून पाहिली, तर "थांबा"च्या जागी नुसती हवाच बाहेर यायची. वर ती प्रत्येक वेळी हसायची. दिग्दर्शक जाताना एडिटर बाईंना ऐकवून गेले, की आवाज सापडला तर ठीक, नाहीतर पाटीमास्तरला पुढच्या सिनेमात माझ्या सेटवर पाय ठेवू देणार नाही. नोकरी गेली असती तर दादा म्हणाला असता, काही नाही. मला ते ऐकायचं नव्हतं.

आवाज सापडला. एका फितीच्या शेपटाला, दोन दुसऱ्या शॉट्सनंतर, घंटा आणि पोरांचा कल्ला होता. आणि त्या कल्ल्यातून वर आलेली ती हाक: "बाबा, थांबा ना!" पण तिच्या आधी ना नंबर ना 'खट्'. घंटा तर चौकटीबाहेर वाजली होती. सगळी पोरं धावत होती, कोणाचे ओठ धड दिसत नव्हते, ती चिमुरडीही अर्धा वेळ पाठमोरी. मी फीत जरा पुढे सरकवली तर हाक दप्तरवाल्या मुलाच्या तोंडी गेली. मागे घेतली तर दोन वेण्यांच्या मुलीच्या. अख्खी सकाळ ती हाक अशी पोरापोरांतून भटकत होती आणि मी फितीला शिव्या घालत होते.

मग मी फीत घंटेच्याही आधीपासून ऐकली. साउंडवाल्याचं खाकरणं, कोणाची तरी पावलं, आणि एक बारीकसा 'थप्'. फळीवरचा कांदा पडावा तेवढाच. कुणी पिशवी ठेवली असेल असं वाटलं. तरी चित्राची सुरुवात पुन्हा लावली, कारण एक गोष्ट ध्यानात आली. बोटं दिसल्यावर पुढचं मी कधीच बघत नव्हते.

कॅमेरा पोरांच्या उंचीला खाली लावलेला होता. म्हणून दादाने पाटी बुटक्या स्टुलावर टेकवली होती आणि तो मागे उकिडवा बसला होता. एरवी नुसते हात दिसायचे, इथे पट्टीच्या वर त्याचा चेहराही होता. डावा हात पाटीच्या माथ्याशी, चारही बोटं फटीत. उजवा हात पट्टीवर. मग तो जरासा मान वळवून कोणाचं तरी ऐकतो. साउंड आहे, असंच कोणीतरी ओरडलं असणार. आणि डावा हात निघायच्या आधीच उजवा हात इतकी वर्षं जे करत आला ते करून मोकळा होतो.

मी एकेक फ्रेम पुढे केली. पट्टी उघडी. पट्टी निम्मी. पट्टी बोटांवर. पुढच्या फ्रेममध्ये बोटं चपटी झालेली, पट्टीला त्यांच्यापेक्षा खाली जायचंय आणि जाता येत नाहीये. मारामारीला द्यायचा तसला दणका होता तो. मी चेहऱ्याकडे बघत पुढे जात राहिले. काही नाही. ओठ नाही, कपाळ नाही. नटीची पापणी हलू नये म्हणून जपणारा माणूस, त्याची स्वतःची पापणी हलली नाही. त्याने बोटं ओढून काढली, पाटी उचलली आणि चौकटीबाहेर गेला. मग घंटा, मग पोरं.

ती फ्रेम आणि तो 'थप्' मी समोरासमोर ठेवले आणि टेबल चालू केलं. हाक थेट त्या चिमुरडीच्या तोंडात जाऊन बसली. "बाबा, थांबा ना!" तिकडे बाप थांबला, वळला. अगदी तंतोतंत जुळलं होतं. माझी बोटं मात्र अशी ठणकत होती की मी दोन्ही हात काखेत घालून बसले. रडू आलं नाही. राग आला, खूप राग आला, आणि तो कोणावर काढावा कळेना.

दिग्दर्शकांनी संध्याकाळी ऐकलं, खूश झाले, आणि पाटीमास्तरला काढायचं म्हणाले होते हे पार विसरून गेले. पण त्याआधी, दुपारच्या सुट्टीत, मी वहिनीच्या दुकानात गेले होते. ती कुणाच्या तरी पायात बूट चढवत होती. तिला म्हटलं, "चल." तिने माझं तोंड बघितलं आणि आली. तिला टेबलाशी बसवलं आणि ते लावलं. वहिनीने पाहिलं.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तिने स्वतः मूठ फिरवून एकेक फ्रेम पुढे नेली आणि पट्टी बोटांवर आली तिथे थांबवली. किती तरी वेळ ती पडद्यावरच्या त्या चेहऱ्याकडे बघत होती.

"दारात सापडली म्हणाले होते," ती म्हणाली. मग पर्स उचलून दुकानात परत गेली. पुरुषांचे बूट विकायला.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा दादा स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. वहिनी हात धुऊन त्याच्यासमोर बसली. त्याच्या हातातली सुरी काढून तिने बाजूला ठेवली आणि त्याचा डावा हात ओढून घेतला. वाकडं राहिलेलं मधलं बोट तिने चिमटीत धरलं आणि काळ्या नखावर अंगठा दाबला.

"काय करतेस?" दादा म्हणाला.

"दुखतंय का?"

"नाही."

तिने आणखी दाबलं. "आता?"

"नाही गं."

"वहिनी, अगं..." मी म्हटलं.

"तू गप्प बस." तिने दुसरा हातही वर ठेवला आणि अंगातलं सगळं बळ लावलं. तिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. "आता?"

दादाचा चेहरा पडद्यावर होता तसाच होता. मी दाराला धरून उभी होते आणि मला वाटलं, हा पुन्हा नाहीच म्हणणार, आणि मग ही उद्याच जाणार.

"हो," दादा म्हणाला.

"काय हो?"

"दुखतंय."

"मोठ्याने सांगा."

"दुखतंय गं! फार दुखतंय!"

"मग तेव्हा ओरडला का नाहीत? माणसं नव्हती तिथे? घरी मी नव्हते?"

दादा बोटाकडे बघत होता. "तालमीत ती पोर सारखी हाक मारत होती. मला वाटलं, हा शॉट मुकाच असलेला बरा. मग कोणीतरी म्हणालं, साउंड आहे." त्याची हनुवटी हलायला लागली. "आपली खडू पण अशीच..."

घशातून एक विचित्र, खरखरीत आवाज आला. इतकी वर्षं मी त्याचा आवाज ऐकत होते, पण हा कुठल्याच फितीवर नव्हता. मग तो रडला. नट रडतात तसं देखणं नाही. नाक, तोंड, खांदे, सगळ्याने.

वहिनी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पलंगावर माझी बॅग उघडी आहे. त्यातले कपडे कपाटात लाव."

मी गेले. साड्या होत्या त्या खणात ठेवल्या, बॅग पलंगाखाली सरकवली. परत आले तेव्हा दादा अजून रडत होता आणि बटाटे तसेच पडले होते. वहिनीही रडत होती. तिने त्याचं बोट सोडलं नव्हतं, फक्त दाबायचं थांबवलं होतं.